तीन बाय चार फुटांचा ताण

कॅनव्हासवरची प्रिंट मोठी झाली की तिचं गणितच बदलतं. फूट-दीड फुटाचा तुकडा कशाही रिपांवर चढवला तरी निभावून जातो. तीन बाय चार फुटांची प्रिंट तशीच चढवली तर पहिल्या पावसाळ्यात तिचं पोट सुटतं, कोपऱ्यांतून तिरक्या सुरकुत्या निघतात आणि चौकट भिंतीपासून एका कोपऱ्यात पुढे येते. मग दोष कापडाला दिला जातो, नाहीतर छापणाऱ्याला. बहुतेक वेळा तो चौकटीचा असतो. ताण देतात ते हात, पण तो वर्षानुवर्षं धरून ठेवते ती चौकट. म्हणून घरी हे काम करायचं तर तीन-चतुर्थांश लक्ष लाकडाकडे द्यावं आणि उरलेलं कापडाकडे.

माप मी ३६ बाय ४८ इंच धरतो. सोफ्यामागच्या भिंतीला ते शोभतं, ४४ इंची रोलवर कडांसकट बसतं, आणि त्याचा कर्ण नेमका ६० इंच येतो. चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे साध्या टेपनं कळण्यासाठी याहून सोयीचं माप नाही.

छापायला देतानाच कडांचा विचार करावा लागतो. चौकटीची पट्टी दीड इंच खोल असेल तर चित्राच्या चारही बाजूंना तीन-तीन इंच जास्त कापड हवं: दीड इंच बाजू झाकायला आणि दीड इंच मागे वळवून पिना मारायला. म्हणजे एकूण ४२ बाय ५४ इंच. ‘दोन इंचांत भागतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मागे अर्धाच इंच उरला की पक्कडीला धरायला काही राहत नाही, आणि पुढे कधी पिना उपसून प्रिंट पुन्हा ताणायची वेळ आली तर काम तिथेच संपतं.

बाजूच्या दीड इंचावर काय दिसणार हेही आधीच ठरवा. चित्र तसंच पुढे वळवलं तर कडेचा चेहरा, मंदिराचा कळस, चित्रकाराची सही बाजूला मुडपून जाते. फोटो असेल तर कडेची पट्टी आरशासारखी उलटी छापून घ्यावी, समोरचं चित्र पूर्ण राहतं. रंगवलेल्या चित्राची प्रत असेल तर बाजू सरळ एका गडद रंगात ठेवणं मला जास्त प्रामाणिक वाटतं, कारण चित्रकारानं न काढलेला भाग आपण जोडू नये. फाइलच्या बाबतीत एवढं बघा की ४२ बाय ५४ इंचांना इंचामागे १०० पिक्सेल तरी यावेत, म्हणजे ४२०० बाय ५४००. कॅनव्हासची वीण बारीक उणिवा पोटात घेते, त्यामुळे कागदाइतकी बारकाई इथे लागत नाही.

शाईबद्दल एक प्रश्न अवश्य विचारावा. यूव्ही दिव्याखाली वाळणारी शाई कडक होते आणि कडेवर मुडपताना तडकू शकते. ताणायच्या प्रिंटसाठी लेटेक्स, इको-सॉल्व्हंट किंवा पाण्यातली पिगमेंट शाई बरी. कापड ३४० ते ४०० जीएसएमचं (चौरस मीटरमागे ग्रॅम वजन), पॉलिस्टर आणि सूत मिश्र असलेलं मागा. निव्वळ सुती कॅनव्हास हाताला छान लागतो, पण हवेतल्या दमटपणाला तो जास्त हलतो. प्रिंट चार इंच व्यासाच्या नळीवर, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळलेली हवी. आतल्या बाजूला गुंडाळलं तर वरचा लेप दाबला जातो आणि उलगडताना उलट्या दिशेनं ओढला जातो. घडी तर कधीच घालू नये. घडीवर लेप तुटतो आणि ती पांढरी रेघ इस्त्रीनं जात नाही.

प्रिंट घरी आली की लाकूड कापण्याआधी ती मोजा. मोठ्या प्रिंटरमध्ये रोल पुढे सरकताना दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडू शकतो, आणि रोल किंचित तिरका शिरला तर अख्खं चित्र तिरकं येतं. चारही बाजू आणि छापलेल्या भागाचे दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इतका फरक असेल तर चालवून घेता येतो. त्याहून जास्त असेल तर प्रिंट परत द्यावी, कारण कापड ओढून ती काटकोनात येत नाही. तिरक्या दिशेला कापड सर्वांत जास्त ताणतं, आणि तसं ओढलेलं कापड सुरकुतीच्या रूपानं हिशेब चुकता करतं.

आता लाकूड. वखारीत सागवान, पाइन, देवदार, मरांटी, सिल्व्हर ओक असं बरंच मिळतं. या मापाला वाळलेला पाइन पुरेसा आहे: हलका, सरळ धाग्याचा, पिना सहज घेणारा. सागवान टिकाऊ असलं तरी जड, महाग, आणि हातातल्या स्टेपल गनची पिन त्यात पूर्ण शिरत नाही. सिल्व्हर ओक किंवा रबरवुड घ्यायचं तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेलंच घ्या, नाहीतर भुंगा लागतो आणि वर्षा-दोन वर्षांत चौकटीखाली पिठासारखा भुसा पडायला लागतो. पट्टीचं माप दोन इंच रुंद आणि दीड इंच खोल. चार बाजूंना १४ रनिंग फूट, मधल्या आडव्या पट्टीला तीन फूट, आणि काप, गाठी, वाकडी टोकं धरून २० फूट घ्यावं.

वखारीतच प्रत्येक पट्टी डोळ्यासमोर धरून लांबीच्या दिशेनं बघा. बाक एकवेळ चालतो, तो बाहेरच्या बाजूला वळवून बसवता येतो आणि कापडाच्या ताणानं सरळही होतो. पीळ अजिबात चालत नाही. पिळलेली एक पट्टी अख्खी चौकट डुगडुगती करते, आणि कापड चढवल्यावर तो पीळ कमी होत नाही, वाढतो. निवडलेलं लाकूड, जिथे चित्र लागणार आहे त्याच खोलीत दोन आठवडे आडवं, रिपांच्या तुकड्यांवर ठेवून मुरू द्या. वखारीतून आणून त्याच दिवशी कापलेलं लाकूड पुढच्या पंधरवड्यात वाळत जातं आणि जोड उघडे पडतात.

पट्टीच्या आकारात एक बारीक गोष्ट असते, आणि तीच सर्वांत जास्त वेळा सुटते. कापडाचा स्पर्श पट्टीच्या फक्त बाहेरच्या कडेला व्हायला हवा. त्यासाठी पट्टीची पुढची बाजू बाहेरून आत उतरती असते, दोन इंच रुंदीत दोन-तीन सूत उतार. उतार नसेल तर कापड पूर्ण पट्टीवर टेकतं, आणि काही महिन्यांनी चित्राच्या चारही बाजूंना, कडेपासून दोन इंच आत, चौकटीची सरळ रेघ उमटते. ती उमटली की जात नाही. रंध्यानं उतार काढता येत नसेल तर सोपा उपाय आहे: सपाट पट्टीच्या बाहेरच्या कडेवर पाव इंची अर्धगोल बीडिंग पट्टी फेविकॉल आणि बारीक खिळ्यांनी बसवायची. कापड बीडिंगवर टेकतं, खालची पट्टी आपोआप दोन सूत लांब राहते. बीडिंग असो वा नसो, कापड ज्या कडेवरून वळणार ती कड १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं गोल करून घ्या. धारदार कडेवर प्रिंटचा लेप तडकतो.

जोडाचा निर्णय इथे सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचा संबंध थेट आपल्या हवेशी आहे. पावसाळ्यात हवा दमट झाली की प्रिंट सैलावते. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की पुन्हा आवळते. हे दरवर्षी होणार. कोपरे खिळे आणि फेविकॉलनं कायमचे पक्के केले तर या हालचालीला वाट राहत नाही, आणि पाच-सहा पावसाळ्यांनी आलेला सैलपणा पिना उपसल्याशिवाय जात नाही. युरोपात साधारण अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चौकटी अशाच पक्क्या असत. पाचरीची चौकट त्यानंतर रुळली. तिच्यात कोपरे ४५ अंशात कापलेले, एकमेकांच्या खाचेत सरकणारे, पण चिकटवलेले नसतात. आतल्या बाजूनं प्रत्येक कोपऱ्यात दोन, अशा आठ लाकडी पाचरी असतात. त्या हलक्या ठोकल्या की कोपरा केसभर उघडतो आणि कापड चारही बाजूंना सारखं ताणलं जातं. आपल्याकडे फ्रेमच्या दुकानात ‘स्ट्रेचर’ म्हणून मिळते ती पुष्कळदा पक्की ठोकलेली चौकटच असते, म्हणून ऑर्डर देताना पाचरीची हवी असं स्पष्ट सांगावं. दोन फुटांपर्यंत पक्की चालते. तीन फुटांच्या पुढे मी पाचरीचाच आग्रह धरीन. खाचेचे जोड घरी काढायला हत्यारं लागतात, ते सुताराकडून कापून आणावेत किंवा तयार पट्ट्या घ्याव्यात. आपण फक्त जुळवणी करायची.

पक्कीच करायची असेल तर कोपऱ्यांना मागून सहा मिलिमीटर प्लायवुडचे, सहा इंच बाजूचे त्रिकोण चिकटवून स्क्रू मारा. ते नसतील तर नुसता ४५ अंशाचा जोड एवढ्या ताणाला उघडतो. जोड वाळेपर्यंत शिकंजा नसला तरी अडत नाही. चौकटीभोवती सुती दोरीचे दोन फेरे घालून मध्ये काठी अडकवून पीळ दिला की चारही कोपरे सारखे दाबले जातात.

४८ इंचांच्या दोन लांब पट्ट्यांना मधोमध जोडणारी आडवी पट्टी हवीच. तिच्याशिवाय लांब पट्ट्या ताणानं आत वाकतात आणि चौकटीची कंबर बारीक होते: कोपऱ्यांत ३६ इंच, मध्ये पाऊण सूत कमी. भिंतीवर लांबून दिसत नाही, पण बाहेरच्या फ्रेमची फट त्याची चुगली करते. आडवी पट्टी मागच्या बाजूशी समतल आणि पुढून किमान अर्धा इंच आत बसवा. ती कापडाला टेकली तर चित्राच्या मधोमध तिची रेघ येते.

जुळवणी झाल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही ६० इंच, किंवा निदान दोन्ही सारखे. फरक असेल तर लांब कर्णाच्या टोकांना हातानं दाबून पुन्हा मोजा. मग चौकट गुळगुळीत फरशीवर ठेवून चारही कोपरे एकेक करून दाबून पाहा. ठकठक आवाज आला तर पीळ आहे, आणि तो आत्ताच काढायचा. या दोन तपासण्यांना पाच मिनिटं लागतात आणि पुढची सगळी मेहनत त्यांच्यावर उभी असते.

प्रिंटला वॉर्निश ताणण्याआधी, सपाट असतानाच लावावं. बाजूच्या कोऱ्या कडेवर छापलेला रंगाचा ठिपका ओल्या बोटानं चोळून बघा. रंग सुटला तर ब्रश किंवा रोलर थेट लावू नका, आधी स्प्रेचा एक हात मारून तो वाळू द्या. रंग धरून राहिला तर पाण्यातलं ॲक्रिलिक वॉर्निश फोमच्या रोलरनं लावता येतं. या मापाला एका हाताला साधारण दीडशे मिलिलिटर लागतं. दोन पातळ हात, पहिला आडवा, चोवीस तासांनी दुसरा उभा. एकच जाड हात दिला तर तो वाळताना गोळा होतो आणि कडेवर मुडपला की तडकतो. पावसाच्या दिवसांत सॉल्व्हंटचा स्प्रे मारू नये, हवेतली वाफ त्यात अडकून दुधट झाक येते. मॅट की ग्लॉस हा आवडीचा प्रश्न म्हणतात, पण समोर खिडकी असेल तर मॅटशिवाय चित्र दिसणारच नाही.

ताणण्यासाठी हंगाम निवडता आला तर दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. भर पावसात ताणलेली प्रिंट आधीच सैल झालेली असते. तिला तेव्हा घट्ट ओढलं तर हिवाळ्यात ती आणखी आवळते आणि कडा तडकतात किंवा चौकट पिळते. थंडीतही नाशिक-नागपूरकडच्या पहाटे हे काम काढू नका. पारा दहा अंशांच्या खाली गेला की ॲक्रिलिकचा लेप ठिसूळ होतो. उन्हं वर आल्यावर, खोली उबदार झाल्यावर सुरुवात करावी.

जमीन झाडून, त्यावर फोमची शीट आणि वर धुतलेली सुती चादर अंथरायची. चादरीखाली एक खडा राहिला तरी चित्रात खळगा पडतो. प्रिंट चित्र खाली करून पसरा आणि रात्रभर तशीच राहू द्या, म्हणजे नळीचा वळसा जातो. कापड नेमकं ४२ बाय ५४ कापून घ्या, चित्राच्या चारही बाजूंना कड सारखी राहील असं. मग पाठीवर, प्रत्येक कडेपासून तीन इंच आत, हलक्या पेन्सिलीनं रेघा मारा. चौकट या रेघांवर ठेवायची. कोऱ्या कॅनव्हासला एवढी काळजी लागत नाही, पण प्रिंटमध्ये क्षितिज आधीच ठरलेलं असतं. चौकट अर्धा अंश फिरली तरी समुद्र कलतो.

हत्यारं मोजकी. रुंद जबड्याची कॅनव्हास पक्कड, आठ किंवा दहा मिलिमीटरच्या पिना घेणारी स्टेपल गन, पिना उपसायला पातळ पेचकस. साध्या पक्कडीनं ओढू नका, तिचा जबडा अरुंद असल्यानं ताण एका बिंदूवर येतो. कॅनव्हास पक्कडीच्या दातांवर चामड्याची किंवा जाड कापडाची पट्टी लावावी. पिना गंज न धरणाऱ्या घ्या. मुंबईत आणि कोकणात साधी लोखंडी पिन गंजते, आणि गंज नुसता डाग पाडून थांबत नाही, सूत कुजवतो. पूर्वीच्या चौकटींवर बाजूनं चुका, म्हणजे बारीक खिळे, मारत, तिथलं कापड आधी फाटतं ते याच कारणानं.

पहिली पिन एका लांब बाजूच्या मधोमध, मागच्या पृष्ठावर. दुसरी बरोबर समोरच्या बाजूला, हातानं ओढून. तिसरी आणि चौथी उरलेल्या दोन बाजूंच्या मध्यावर. आता चौकट उलटून पाहिली तर चार पिनांना जोडणारी चौकोनी सुरकुती दिसेल, पतंगाच्या आकाराची. ती दिसायलाच हवी, घाबरू नका. ती चारही बाजूंना सारखी नसेल तर मात्र आत्ताच पिना काढून पुन्हा सुरू करा, कारण या टप्प्यावर उपसायच्या पिना चारच आहेत.

यानंतर पक्कड हातात घ्यायची. मधल्या पिनेच्या डावीकडे दोन इंचांवर एक, उजवीकडे दोन इंचांवर एक, की लगेच समोरच्या बाजूला तेच, मग उरलेल्या दोन बाजूंना. तबला सुरात लावताना गजऱ्यावर, म्हणजे तोंडाभोवतीच्या चामडी वेणीवर, समोरासमोर ठोके देत जातात, तसंच इथे समोरासमोर फिरत राहायचं. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे वळायचा मोह होतोच, कारण त्यात उठबस कमी. पण पहिल्या बाजूला मिळालेला ताण समोरची बाजू ओढताना वेगळा होतो आणि चित्र एका अंगाला सरकतं. पक्कडीनं कड पूर्ण जबड्यात धरा, जबडा पट्टीच्या मागच्या कडेवर टेकवा आणि मनगट खाली वळवा. खांद्यानं ओढायचं नाही. नुसत्या मनगटाच्या वळणानं जेवढं कापड येतं तेवढं प्रिंटला पुरतं. पिन पट्टीच्या कडेशी तिरकी मारावी, म्हणजे ती जास्त धागे पकडते आणि लाकूड एका रेषेत चिरत नाही. प्रत्येक कोपऱ्याचे शेवटचे तीन इंच मोकळे सोडा. या मापाला सगळ्या मिळून ऐंशी-नव्वद पिना लागतात.

किती ताणायचं? टिचकी मारली की टणटणीत आवाज यायला हवा हा नियम रंगवण्यासाठी ताणलेल्या कोऱ्या कॅनव्हासचा आहे. प्रिंटवर आधीच लेप आणि शाई आहे, तिला तो हट्ट सोसत नाही. तळहातानं मध्यावर हलकं दाबून सोडलं की कापड लगेच सपाट व्हावं, मागे लाट राहू नये, एवढं पुरे. उरलेला ताण पाचरींसाठी राखून ठेवायचा.

कोपरा वळवताना घडी वरच्या किंवा खालच्या बाजूला गेली पाहिजे, डाव्या-उजव्या बाजूला नव्हे. चित्र बघताना बाजू दिसतात, माथा आणि तळ दिसत नाही. आधी उभ्या बाजूचं कापड कोपऱ्यापर्यंत ताणून मागे एक पिन मारा. कोपऱ्यात उरलेलं टोक त्रिकोणी चिमटीत धरून वरच्या बाजूवर सपाट दुमडा, त्याची कड चौकटीच्या उभ्या कडेशी जुळवा, मग वरचं कापड त्यावरून मागे ओढून दोन पिना मारा. फुगवटा राहतो म्हणून आतलं कापड कात्रीनं छाटू नका. छाटलेला कोपरा पुन्हा कधीच ताणता येत नाही. बोटाच्या नखानं घडी दाबली तर ती पुरेशी बसते. कडेवर पांढरी चीर दिसलीच तर जवळच्या छटेचा ॲक्रिलिक रंग शून्य नंबरच्या ब्रशनं, फक्त चिरेत भरा.

काम संपल्यावर चौकट उभी करून तिरप्या उजेडात बघावी, कारण सुरकुती बघूनच तिचं कारण कळतं. कोपऱ्यातून मध्याकडे जाणारी तिरकी सुरकुती असेल तर त्या कोपऱ्याजवळच्या चार-पाच पिना काढून पुन्हा ओढा. कडेला लहान लाटांची रांग असेल तर पिना दूरदूर पडल्या आहेत, मध्ये आणखी भरा. सगळं मैदान सारखं सैल असेल तर पिनांना हात लावू नका, पाचरी घ्या. आठही पाचरी आधी बोटानं बसवा, मग छोट्या हातोडीनं प्रत्येकीला एकेक हलका ठोका, फेरीनं. कोपरा अर्धा-एक मिलिमीटर उघडला की थांबा. हातोडी आणि कापड यांच्यामध्ये पुठ्ठा धरायचाच, चुकार ठोका मागून बसला तर पुढे चीर जाते. शेवटी प्रत्येक पाचर नायलॉनच्या दोऱ्यानं पट्टीला बांधा. सुटलेली पाचर खाली घरंगळून कापड आणि तळपट्टीच्या मध्ये अडकते आणि चित्राला पुढून टेंगूळ येतं. धुळीचंही तसंच होतं, म्हणून वर्षातून एकदा मागून मऊ ब्रशनं तळपट्टी साफ करावी. जुलैत प्रिंट सैल दिसली म्हणून पाचरी ठोकू नका, दिवाळीपर्यंत वाट बघा. बहुधा ती आपली आपण ताठ होते. मागून पाणी शिंपडून आवळण्याचा उपाय सांगितला जातो, तो छापील लेपावर करू नये.

बाहेरची फ्रेम. आपल्याकडे फ्रेम म्हटली की काच आलीच. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला छापखाना घराघरांत देवादिकांची चित्रं घेऊन आला. ती कागदावरची होती, त्यांना काच हवीच होती. कॅनव्हासला ती नको. काचेमागे ओलावा कोंडतो, काच लेपाला टेकली तर चिकटते, आणि विणीचा जो स्पर्श डोळ्यांना जाणवायला हवा तोच झाकला जातो. वॉर्निश हेच तिचं आवरण.

ताणलेल्या प्रिंटला शोभते ती फ्लोटर फ्रेम: इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची पट्टी, जिच्यात प्रिंट आत बसते आणि चारही बाजूंना दोन सूत फट राहते. माप प्रिंट ताणून झाल्यावरच घ्यायचं, कारण कोपऱ्यातल्या घड्यांमुळे ३६ इंचांची उंची तिथे जवळपास एक सूत वाढलेली असते. जिथे सर्वांत जास्त भरेल तिथलं माप, अधिक चार सूत, म्हणजे आतली उंची ३६ इंच ५ सुतांच्या आसपास. खोली अशी हवी की चित्र फ्रेमच्या काठापेक्षा एक सूत खाली राहील. बाहेरून दिसणारा ४५ अंशाचा काप घरच्या करवतीनं निर्दोष येणं अवघड, तेवढं काम फ्रेमच्या दुकानातून करून आणावं असं माझं स्पष्ट मत आहे. बसवणी घरी होते. फ्रेम उताणी ठेवा, प्रिंट आत ठेवा, प्रत्येक बाजूला दोन सूत जाडीच्या प्लायचे दोन-दोन तुकडे फटीत घाला, आणि कुणाला तरी धरायला सांगून खालून स्क्रू मारा. एक इंची स्क्रू, आधी बारीक भोक पाडून. पाचरीची चौकट असेल तर स्क्रू फक्त प्रत्येक बाजूच्या मध्याजवळ, आणि फ्रेममधलं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं. कोपऱ्यात स्क्रू मारले की पाचरींनी उघडायचा कोपरा बंद पडतो. गोंद कुठेही नको.

एवढं सगळं मिळून वजन सात किलोच्या घरात जातं. तार बांधून एका खिळ्यावर टांगायची पद्धत इथे सोडावी. तार जितकी सपाट, तितकी ओढ जास्त: आडव्या रेषेशी दहा अंशांचा कोन असेल तर सात किलोसाठी तारेत वीस किलोचा ताण येतो, आणि तो दोन्ही बाजूच्या पट्ट्यांना आत खेचतो. त्याऐवजी वरच्या पट्टीच्या मागे, टोकांपासून फूटभर आत, दोन डी-रिंग (इंग्रजी डी आकाराच्या कड्या) आणि भिंतीत दोन हूक. दोन्ही हुकांची पातळी पाणसळीनं तपासा. भोक पाडण्याआधी भिंत कशाची आहे ते बघा. वीट आणि काँक्रीटला आठ मिलिमीटरचा प्लग चालतो, पण नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत तो नुसता फिरतो, तिथे त्याचे वेगळे प्लग मिळतात. प्लास्टरची जाडी वजा जाऊन स्क्रू खऱ्या भिंतीत इंचभर तरी शिरला पाहिजे.

पावसाचा मारा घेणारी बाहेरची भिंत या कामाला वाईट. मुंबई-कोकणात ती बहुधा पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची असते. रंगाखाली पोपडे किंवा लोणा दिसला तर तिथे चित्र लावूच नका. व्हेनिसचे चित्रकार भिंतीवरून कॅनव्हासकडे वळले त्यामागे हेच कारण होतं: खाऱ्या दमट हवेत भिंतीवरची चित्रं टिकत नव्हती, आणि शिडाचं कापड बंदरात मुबलक होतं. चांगल्या भिंतीवरही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी गुट्ट्या लावा, म्हणजे मागे हवा खेळती राहते. ब्राऊन पेपरनं पाठ बंद करायची असेल तर वर आणि खाली दोन-दोन भोकं ठेवा. पूर्ण बंद पाठीमागे बुरशी आणि कसर दोघांचीही सोय होते.

पाठ बंद करण्याआधी आडव्या पट्टीवर चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: ताणल्याची तारीख, शाईचा प्रकार, वॉर्निशचं नाव आणि किती हात दिले ते. दहा वर्षांनी कुणी ती पुन्हा ताणेल किंवा साफ करेल तेव्हा त्याला हेच आधी लागेल. पेन्सिलीनं आणि लाकडावरच लिहा. कापडाच्या पाठीवर पेनानं लिहिलं तर शाई झिरपून पुढे दिसू शकते.